वर्गातलं टच पॅनेल मुलांच्या हाती: खोली मोजण्यापासून मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत गेल्या काही वर्षांत मोठी टच पॅनेलं आली. कुठे समग्र शिक्षा योजनेतून, कुठे एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीतून, कुठे गावाने वर्गणी काढून. पॅनेल येतं, उद्घाटन होतं, आणि पुढे बऱ्याच वर्गांत त्यावर फक्त कवितांचे आणि गोष्टींचे व्हिडिओ लागतात. व्हिडिओ वाईट नाहीत, पण ते साध्या टीव्हीवरही दिसतात. टच पॅनेलला जास्तीचे पैसे पडतात ते एकाच गोष्टीसाठी: मुलाने तिथे जाऊन बोटाने काही हलवावं, ओढावं, लिहावं आणि बाकीच्या वर्गाने त्यावर बोलावं. या लेखातली प्रत्येक पायरी त्या दिशेने जाणारी आहे. तुमच्याकडे पॅनेल आधीच बसवलेलं असेल तर पहिले दोन भाग चाळून पुढे जा, फक्त उंचीचा मुद्दा वाचा.

आधी खोली मोजा

घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा किमतीची होते. त्याआधी मोजपट्टी घ्या आणि पॅनेल लागेल त्या भिंतीपासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर मोजा. पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसलेल्या मुलाला मजकूर नीट वाचता येत नाही, हा साधा हिशोब धरून चाला. ६५ इंची पॅनेलच्या पडद्याची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर असते, म्हणजे शेवटचं मूल १६ फुटांच्या आत हवं. ७५ इंचीला १८ फूट, ८६ इंचीला २१ फूट. इंचांचा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो, त्यामुळे कागदावर पॅनेल वाटतं त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान दिसतं. खोली लांब आणि पैसे ६५ इंचीपुरतेच असतील तर पॅनेल आखूड भिंतीऐवजी लांब भिंतीवर लावा आणि बाक त्या दिशेने वळवा. बाजूला बसलेल्या मुलांना थोडं तिरकं दिसेल, पण कोणीच फार लांब राहणार नाही.

त्याच वेळी खिडक्या बघा. आपल्या वर्गांना बहुधा दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला त्या भिंतीसमोर उभे राहा. समोरच्या खिडकीतून ऊन थेट पडत असेल तर पडदा चमकेल, आणि आणखी एक अडचण येईल जी विक्रेता सहसा सांगत नाही. शाळांत येणारी बहुतेक पॅनेलं इन्फ्रारेड प्रकारची असतात. त्यांच्या चौकटीत काचेच्या दोन कडांना अदृश्य किरण सोडणारे बारीक दिवे आणि समोरच्या कडांना ते टिपणारे सेन्सर असतात. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि पॅनेलला जागा कळते. कडक ऊन या सेन्सरांवर पडलं की टच वेडंवाकडं चालतं. जाड कापडाचा साधा पडदा खिडकीला लावला तर दोन्ही प्रश्न सुटतात.

वीज आणि भिंत

पॅनेलच्या मागच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. समजा ३०० वॅट आहेत आणि रोज चार तास वापर आहे, तर दिवसाला १.२ युनिट. महिन्याचे २४ दिवस धरले तर २९ युनिटच्या आसपास. हा आकडा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच मांडा, कारण बिल थकून मीटर कापला गेला तर सगळंच बंद पडतं. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टर लागेलच. १५० अँपिअर-अवरची एक चांगली बॅटरी ३०० वॅटच्या पॅनेलला तीनेक तास चालवते. त्याच इन्व्हर्टरवर पंखे टाकू नका.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्यातली अर्थची तार कुठेच जोडलेली नसते. वायरमनकडून ती तपासून खात्री करून घ्या. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, प्लग ओढून काढा. इंटरनेटची केबल असेल तर तीही काढा.

७५ इंची पॅनेल पन्नासेक किलोचं असतं. विटांची पक्की भिंत असेल तर अँकर बोल्टने टांगा. मातीच्या गिलाव्याची, ओल धरलेली किंवा पत्र्याची भिंत असेल तर चाकांचा स्टँड घ्या, पण चाकांना लॉक हवं आणि स्टँडचा तळ रुंद हवा. मुलं पळत येऊन धडकतात.

आता उंची. पॅनेल फार वर लावलेलं दिसतं, कारण लावणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत ते धरतो. पहिलीतलं मूल सव्वा मीटरही उंच नसतं. हात वर केला तर त्याचं बोट जमिनीपासून १३५–१४० सेंटिमीटरपर्यंत पोचतं. पॅनेलची खालची कड ७५ सेंटिमीटरवर ठेवली तर ७५ इंची पडद्याचा खालचा दोन-तृतीयांश भाग त्याच्या हातात येतो. पहिली ते चौथीच्या वर्गात मुलं बस्करावर बसत असतील तर हीच उंची ठेवा. बाक असतील तर पुढच्या मुलांच्या डोक्यांमुळे मागच्यांना खालचा भाग दिसत नाही, तेव्हा ८५–९० पर्यंत वर घ्या आणि समोर एक रुंद, न हलणारा लाकडी पाट ठेवा. बऱ्याच पॅनेलांत अख्खा पडदा अर्ध्यापर्यंत खाली ओढायची सोय असते. ती सेटिंगमध्ये शोधून ठेवा, लहान मुलांच्या वर्गात रोज उपयोगी पडते.

पहिल्या आठवड्याची तयारी

मुलांना पॅनेल दाखवण्याआधी शिक्षकांनी त्यावर निवांत बसायला हवं. शाळा सुटल्यावर दोन-तीन जणांनी मिळून बसलं तर जास्त चांगलं. एवढ्या गोष्टी नक्की करा.

लॅपटॉप जोडताना चित्र एचडीएमआय केबलमधून जातं, पण टच त्यातून जात नाही. त्यासाठी पॅनेलपासून लॅपटॉपपर्यंत वेगळी यूएसबी केबल लागते. पॅनेलच्या खोक्यात ती बहुधा असते, आणि बरेचदा खोक्यासकट माळ्यावर जाते. "टच चालत नाही" या तक्रारींत ही केबल न जोडल्याच्या तक्रारी फार असतात.

मोबाईलवरून पडदा दाखवणार असाल तर आधी फोनवरच्या सूचना बंद करा. तासाच्या मध्ये घरच्या ग्रुपवरचा मेसेज पस्तीस मुलांसमोर उघडू नये. पॅनेलला पासवर्ड लावा आणि तो शाळेतल्या किमान दोघांना माहीत असू द्या. एकाची बदली झाली की पॅनेल कुलूपबंद राहिल्याचे प्रकार होतात.

देवनागरीची अडचण वेगळी आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका आणि कृतिपत्रिका शाळेत ढिगाने असतात. तो फाँट पॅनेलमध्ये नसतो, त्यामुळे पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. ऑफिसच्या संगणकावर, जिथे ती फाइल नीट दिसते, तिथेच तिची पीडीएफ करा आणि ती आणा. नवीन काही टाइप करायचं ते युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखीच दिसणाऱ्या मराठी अक्षरांत. अक्षराचा आकारही मोजून ठरवा: वीस फुटांवरच्या मुलासाठी अक्षर दोन इंच उंच हवं. आपल्याकडे वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळींमध्ये जागाही जास्त लागते. हिशोब केला तर ७५ इंची पडद्यावर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मजकूर बसत नाही. पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान पडद्यावर टाकून "वाचा रे" म्हणणं म्हणूनच निरर्थक आहे. एकच परिच्छेद किंवा एकच चित्र मोठं करून घ्या.

बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड तुम्हाला माहीत असतील. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडवर केलेल्या कामामुळे ही कल्पना घरोघरी पोचली आणि त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पॅनेलला मात्र बरेचदा कॅमेरा नसतो, मग कोड स्कॅन कसा करायचा? कोडखाली सहा अक्षरांचा संकेतांक छापलेला असतो. दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवर तो टाइप केला की तोच मजकूर उघडतो. घरी किंवा तालुक्याच्या गावी चांगलं नेट असेल तेव्हा हवं ते उतरवून घ्या. वर्गात नेटवर अवलंबून राहू नका.

हात कसा ठेवायचा ते शिकवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मूल वहीवर लिहिताना तळहात कागदावर टेकवतं, आणि आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं. पॅनेलवरही ते तळहात टेकवतं. मग एकतर नको तिथे रेघोट्या उठतात, नाहीतर पॅनेल त्या तळहाताला डस्टर समजून लिहिलेलं पुसून टाकतं. मूल गोंधळून मागे सरकतं आणि पुन्हा यायला तयार होत नाही. इन्फ्रारेड पॅनेलमध्ये काचेला स्पर्श व्हायच्या किंचित आधीच बोट टिपलं जातं, त्यामुळे सैल बाही, ओढणीचं टोक, बाईंचा पदर, हातातल्या बांगड्या हेही टच म्हणून धरलं जातं.

पहिल्या दोन दिवसांत फक्त एवढंच करा. प्रत्येक मुलाने येऊन मनगट हवेत ठेवून एक आडवी रेघ, एक गोल आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं. बाही आधी वर सारायची. पेन्सिल, काडी, पट्टी काचेला लावायची नाही, पॅनेलसोबत आलेला पेन किंवा बोटच वापरायचं. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना सर्वांसमोर यायचा धीर होत नाही, ती मुलं तुम्हाला याच दोन दिवसांत दिसतात. त्यांना जोडीने बोलवा.

एक मत इथे स्पष्ट मांडतो. पहिली-दुसरीत अक्षर गिरवण्यासाठी पॅनेल वापरू नये. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच अटकाव होत नाही, आणि लेखनासाठी बोटांच्या स्नायूंना जो सराव लागतो तो तिथे मिळत नाही. तो पाटीवर, मातीत, वहीत मिळतो. 'क्ष' किंवा 'ळ' कुठून सुरू होतो आणि कुठे वळतो एवढं मोठ्या आकारात दाखवायला पॅनेल उत्तम. दाखवा आणि लगेच पाट्या काढायला सांगा.

एक तास जवळून

तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार असतं. समजा शाळा सातारा जिल्ह्यातली आहे आणि विषय नद्यांचा आहे.

आदल्या दिवशी उपग्रह नकाशावरून महाबळेश्वर ते कराड एवढ्या भागाचा स्क्रीनशॉट घ्या. गावांची नावं बंद ठेवा. ओपनबोर्डसारख्या मोफत व्हाइटबोर्ड सॉफ्टवेअरमध्ये हे चित्र पान भरून टाका आणि पॅनेल बंद ठेवून तास सुरू करा. फळ्यावर खडूने प्रश्न लिहा: कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरला उगम पावतात, दोघी कराडला भेटतात, मग मधल्या वाटेत त्या कशा जात असतील? मुलांनी वहीत दोन टिंबं काढायची, वर महाबळेश्वर आणि खाली कराड, आणि दोन्ही नद्या अंदाजाने रेखायच्या. चारेक मिनिटं द्या. कोणालाच बरोबर-चूक सांगू नका.

मग पॅनेल सुरू करा. एक मुलगी येते, निळा रंग निवडते आणि कोयनेवर बोट ठेवते. तिला कराड कुठे आहे ते ठाऊक असतं, म्हणून बोट लगेच पूर्वेकडे वळू पाहतं. वर्गाला आधीच सांगून ठेवलेलं असतं की बोट नदी सोडून गेलं की "थांब" म्हणायचं. वर्ग ओरडतो. ती मागे येते आणि पुन्हा चित्र निरखते. नदी तर सरळ दक्षिणेला चालली आहे, कारण मध्ये डोंगराची रांग आडवी आहे. बोट खाली जात जात रुंद पाण्यावर येतं. इथे नदी एवढी मोठी का झाली, हा प्रश्न मुलंच विचारतात आणि शिवसागर जलाशय व कोयना धरण आपोआप तासात येतं. पुढे हेळवाकजवळ नदी पूर्वेकडे वळते आणि कराडकडे निघते. दुसरा मुलगा हिरव्या रंगाने कृष्णा रेखतो: धोम धरण, वाई, साताऱ्याजवळचं माहुली, मग कराड. माहुलीला आणखी एक नदी येऊन मिळते ती वेण्णा. ती कोणाच्याच वहीत नसते.

आता मागचं उपग्रह चित्र काढून टाका. पांढऱ्या पानावर फक्त मुलांच्या बोटांनी ओढलेल्या दोन रेघा उरतात. मुलं आपापल्या वहीतल्या अंदाजाशी त्या ताडून बघतात, आणि इथे खरी चर्चा होते: तू लगेच का वळवलीस, मी का नाही वळवली. पॅनेल यात जेमतेम बारा-पंधरा मिनिटं सुरू राहतं. बाकीचा वेळ वहीचा, फळ्याचा आणि बोलण्याचा.

पान जपून ठेवा, चुकीची वळणं न पुसता. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडून "काल इथे आपण का थांबलो होतो?" असं विचारता येतं. खडूच्या फळ्यावर हे शक्य नसतं. दर तासाचं पान तारखेच्या नावाने पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये टाकत जा. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेली मुलं काही महिन्यांनी परत येतात, तेव्हा वर्गात काय झालं ते त्यांना दाखवायला हेच फोल्डर सर्वात जास्त कामी येतं. एखाद्या हुशार मुलाला शेजारी बसवून पानं उलगडायला सांगा.

गणित आणि विज्ञानासाठी

दोन मोफत साधनं पुरेशी आहेत. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठातला फेट प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातली अनेक सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत आणि एकेक फाइल उतरवून नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालवता येते. अपूर्णांकांचं आणि विद्युत परिपथाचं तर जरूर घ्या. परिपथाच्या बाबतीत क्रम मात्र पाळा: आधी खरा सेल, खरा बल्ब, खरी तार हातात. मग पडद्यावर तोच परिपथ जोडून, तारेतून न दिसणारे कण वाहताना बघायचे. पडद्याने प्रयोगाची जागा घेतली तर मुलं तार सोलायलाच शिकणार नाहीत.

दुसरं साधन जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर. त्रिकोण काढा, तिन्ही कोन मापून ठेवा, एक शिरोबिंदू मुलाला ओढायला द्या. ओढण्याआधी विचारा: बिंदू वर नेला की कोणता कोन लहान होईल? बेरीज बदलेल का? इथे एक गंमत घडते, तिची तयारी ठेवा. कोन पूर्ण अंशांत दाखवायला सांगितले असतील तर बेरीज कधी १७९ तर कधी १८१ दिसते. खरे कोन ६०.६, ६०.६ आणि ५८.८ असले तर पडद्यावर ६१, ६१ आणि ५९ दिसतात. चलाख मूल लगेच म्हणतं, "सर, चुकलं!" त्याला दडपू नका. दशांश स्थळं वाढवून दाखवा, आणि सहावी-सातवीच्या मुलांना जवळची किंमत घेणं म्हणजे काय ते तिथेच समजेल.

द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एकत्र असतात. तिथे पॅनेल सर्वांसाठी एकाच वेळी वापरू नका. तिसरीचे पाच जण पॅनेलपाशी ठरलेलं काम करतील, चौथीला तुम्ही शिकवाल, मग अदलाबदल. पॅनेलवरचं काम मात्र असं हवं की त्यात उत्तर चुकलं तर मुलांनाच कळेल. आणि आज कोण पुढे आलं याच्या खुणा हजेरीशेजारी करत जा. तसं केलं नाही तर तीच चार धीट मुलं रोज पुढे येतात.

निगा आणि बिघाड

खडूची धूळ हा मुख्य शत्रू. फळा पॅनेलच्या अगदी शेजारी असेल तर डस्टर वर्गाबाहेर झटका आणि ओल्या फडक्याने फळा पुसा. पॅनेल बंद करून, थंड झाल्यावर, मऊ मायक्रोफायबर कापडाने रोज काच कोरडी पुसायची. डाग असेल तर कापड किंचित ओलं करा, काचेवर थेट पाणी किंवा फवारा मारू नका. ते चौकटीच्या फटीत उतरतं.

हात न लावता पडद्यावर आपोआप रेघा उमटू लागल्या किंवा एका पट्ट्यात टच मेला, तर कंपनीला फोन करण्याआधी चौकटीची आतली कड बघा. तिथे धूळ, कोळ्याचं जाळं, एखादा किडा किंवा उत्साहात चिकटवलेलं स्टिकर सापडण्याची शक्यता मोठी आहे. बंद करून कोरड्या मऊ ब्रशने चारही कडा साफ करा, खिडकीचा पडदा ओढा, पुन्हा सुरू करा. तरीही तसंच राहिलं तर सेटिंगमधून कॅलिब्रेशन करा, म्हणजे बोटाची जागा आणि पडद्यावरची खूण पुन्हा जुळवून घ्या. त्यानंतर मात्र स्क्रू उघडू नका, वॉरंटी जाते. बिल, वॉरंटी कार्ड आणि पॅनेलचा अनुक्रमांक यांचा फोटो काढून मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये आणि जडवस्तू नोंदवहीत ठेवा. तक्रार केलेली तारीख आणि मिळालेला तक्रार क्रमांकही तिथेच लिहा.

मे महिन्याच्या सुट्टीआधी प्लग काढा, सुती चादरीने पॅनेल झाका. प्लॅस्टिक नको, त्यात ओल साचते, कोकणात तर हमखास. वर्षभराची पानं पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा. जूनमध्ये उघडताना आधी भिंतीला ओल आली आहे का, बोल्ट सैल झाले आहेत का, मागच्या जाळीत उंदराने किंवा पालीने घर केलं आहे का ते बघा, मगच प्लग लावा. आणि नव्या पहिलीच्या मुलांसाठी मनगट हवेत ठेवायचे ते दोन दिवस वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा.